तनी सुरू झाली की उठू नका

साल 1965. तुम्ही बंगळुरूच्या छावणी भागात ब्रिगेड रोडच्या आतल्या एका गल्लीत उभे आहात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून समुद्र ऐकू येतोय. खरा समुद्र कुठल्याही बाजूला निघालात तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. शहर नऊशे मीटर उंचीवर, संध्याकाळी स्वेटर लागतो. पण खिडकीतल्या पोरांनी व्हेंचर्स आणि शॅडोजच्या तबकड्या घासून घासून ऐकल्या आहेत, आणि गिटारच्या एकाच तारेवर भराभरा आघात करून ती लाट उठवू पाहताहेत. लाट नीट फुटत नाही. अँप्लिफायर घरगुती बनावटीचा आहे, मधूनच गुरगुरतो.

कॅलिफोर्नियात याला सर्फ संगीत म्हणतात. तिथला त्याचा राजा डिक डेल. त्याची 1962 ची ‘मिसिरलू’ तुम्ही ऐकली आहे, निदान ‘पल्प फिक्शन’च्या सुरुवातीला तरी. हा माणूस मूळचा रिचर्ड मन्सूर, वडिलांकडून लेबनीज. काका ऊद वाजवायचा. त्याच्याकडून पोरगा दरबुक्यावरचा ठेका शिकला आणि पुढे तोच ठेका त्याने गिटारच्या तारांवर उतरवला. ज्याला जग लाटांचा आवाज समजलं तो हाताने वाजवायच्या चामड्याच्या वाद्याचा आवाज होता. हे डोक्यात ठेवा आणि चालायला लागा. ज्यांना भेटायला आलात ते या गल्लीत राहत नाहीत.

कब्बन पार्क ओलांडलं की वेगळं शहर लागतं. छावणी आणि पेठ 1949 पासून एकाच महापालिकेत असली, तरी कानांचं विलीनीकरण अजून व्हायचंय. चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा रामनवमीचा मांडव पडलाय. 1939 पासून दर चैत्रात पडतो. तुमच्या हातात पानकाचा पेला आणि कोसंबरीचा द्रोण येतो. मंचावर मधोमध गायक, एका हाताला व्हायोलिन, दुसऱ्या हाताला मृदंगम्, जरा मागे सरकून घटम् नाहीतर खंजिरी. गायकाने मुख्य कृती संपवली, मान हलवली, आणि तालवाद्यांना एकट्याने बोलायची मोकळीक मिळाली. हीच तनी आवर्तनम्.

आणि तुमच्या आजूबाजूची माणसं उठू लागतात. कॉफी प्यायला! पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात भूक लागते ती साधारण नवख्या गायकाच्या वेळी, इथे मृदंगमवाल्याच्या वेळी. अडीच तास दुसऱ्याला सांभाळून घेतल्यावर जी पंधरा मिनिटं स्वतःची मिळतात, त्यात समोरच्या रांगा रिकाम्या होतात. तुम्ही बसून राहा. आदितालाच्या आठ मात्रा हातावर मोजा आणि मंचावरचा माणूस त्याच आठात पाचाचे, सातांचे, नवांचे तुकडे कसे कोंबतो ते पाहा. शेवटी कोरवै हा समारोपाचा तुकडा तीनदा वाजवून सगळे समेवर एकदम येतात, तेव्हा कॉफीवाले परत येऊन टाळ्या वाजवतात.

अशाच साथीला बसणाऱ्या टी. ए. एस. मणी या मृदंगमवादकाने 1964 मध्ये या शहरात कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशन काढलं आहे. तालवाद्यांची शाळा ही कल्पना गोड वाटते, पण तिच्यात एक ठाम भूमिकाही आहे. जे साथीला बसतात, त्यांनाच मधे बसवून पाहू.

सत्तरच्या दशकातून झपाट्याने पुढे चला, इथे फार थांबण्यासारखं नाही. फक्त एका माणसाला ओळखून ठेवा. मद्रासचा रमेश शोतम. भावाबरोबर ह्यूमन बाँडेज नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होता. ब्रिगेड रोडच्या खिडकीतल्या पोरांच्याच पिढीचा. त्याने काठ्या ठेवल्या आणि मणींच्या कॉलेजात तविल शिकायला आला. पुढे तो जर्मनीत स्थायिक झाला. जर्मनीहून उलटीही वाहतूक सुरू होतीच. 1982 मध्ये डिसिडेंटन नावाच्या जर्मन बँडने ‘जर्मनिस्तान’ ही तबकडी काढली, तिच्यात याच कॉलेजची मंडळी वाजवताहेत.

आता 1983 चा फेब्रुवारी. मणींची मंडळी ‘ज्योती’ या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाला जर्मनीला निघाली आहे. निघण्याआधी सामानावर नजर टाका, कारण दौऱ्यावर आधी सामान जातं आणि मग संगीत. परदेशाचं विमान पकडायला मुंबई किंवा मद्रास गाठायचा हा काळ. फेरा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे डॉलर मोजून मिळतात. मृदंगम् फणसाच्या लाकडाचा, जड. त्याच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओला रवा थापावा लागतो, तेव्हा पिशवीत रव्याची पुडी हवीच. (जर्मन कस्टमवाल्याला ती पांढरी पूड काय आहे ते समजावून सांगायची जबाबदारी तुमच्यावर असती तर?) घटम् म्हणजे शेवटी मडकं, मालवाहू कप्प्यात टाकायची हिंमत कोणी करत नाही. मोरसिंग खिशात मावतो. खंजिरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात लहरी. तिच्यावर घोरपडीची कातडी, आतून पाणी शिंपडून स्वर खाली आणायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपड संरक्षित झाली, म्हणून पुढे शेळीची कातडी आणि प्लास्टिक आलं. खंजिरीचे जुने जाणकार या विषयावर अजून हळहळतात.

दक्षिण जर्मनीत, श्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्ग. टोनस्टुडिओ बावर. बाहेर थंडी, आत हीटरची कोरडी हवा. कातडं ताणलं जातं आणि खंजिरीचा स्वर चढत राहतो. काचेपलीकडे मार्टिन व्हीलांड बसलाय, कीथ जॅरेटची कोलोनची मैफल ध्वनिमुद्रित करणारा. निर्माता मानफ्रेड आयशर, ईसीएम कंपनीचा. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा आणि ओळख करून घ्या.

तबकडीवर पहिलं नाव छापलं जाणार आहे ते चार्ली मारियानो. बॉस्टनचा, वय एकोणसाठ. स्टॅन केंटनच्या बँडमध्ये वाजवलंय, चार्ल्स मिंगसच्या 1963 च्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’वर त्याचा आल्टो सॅक्सोफोन रडतो. एवढी कारकीर्द पाठीशी असताना या माणसाने नादस्वरम् शिकायला घेतलं. इथे त्याच्या हातात सोप्रानो सॅक्सोफोन आणि बासरी आहे. सोप्रानोवर तो स्वर सरळ धरत नाही, एका बाजूने हलवून आणतो, आणि ती सवय कुठून लागली हे तुम्हाला लगेच कळतं.

मणी मृदंगमवर. आर. ए. राजगोपाल घटम्, मोरसिंग आणि कोन्नकोल. टी. एन. शशिकुमार खंजिरी, आणि तेही कोन्नकोल. म्हणजे दोन माणसं अशी, जी हात थांबले तर तोंडाने वाजवतील. कथकची पढंत ऐकलेल्या मराठी कानाला कोन्नकोल परका नाही. पण तिथे बोल म्हणून दाखवल्यावर पाय उत्तर देतात. इथे तकदिमि तकजणु हेच पूर्ण वादन.

आणि आर. ए. रमामणी. गळा आणि तंबोरा. मणींच्या पत्नी अशी ओळख छापील मजकुरात सहज येते. मला ती अपुरी वाटते. ‘ज्योती’वरच्या ‘वर्षिणी’, ‘सप्तर्षी’, ‘कार्तिक’ या रचना त्यांच्या आहेत, आणि तबकडी उघडते ती त्यांच्या एकट्या आवाजाने. सॅक्सोफोन नाही, मृदंगम् नाही. नाव पहिलं मारियानोचं, वाक्य पहिलं रमामणींचं. त्यांचा गळा स्वरातून बोलात आणि बोलातून परत स्वरात इतका बेमालूम जातो, की गायिका कुठे संपली आणि तालवादक कुठे सुरू झाली ते तुम्ही सांगू शकत नाही. फ्यूजनच्या नावाखाली तोवर जे चाललं होतं, त्यात बहुतेकदा आपली मंडळी पाहुण्याच्या मागे गालिचा अंथरत. इथे पाहुणा गालिच्यावर येतो, पण बूट काढून.

आता ‘वंदनम्’ची पाळी. तालवाद्यं आत येतात आणि कोणी कोणाला साथ करतंय हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. मारियानो एक ओळ टाकतो, रमामणी ती उचलत नाहीत, पुढे जाऊ देतात, मग दोन आवर्तनांनी तिचंच शेपूट धरून परत येतात. राजगोपालांच्या घटमचा पोटाकडचा घुमार आणि गळ्याकडचा कडक टणत्कार वेगवेगळे ऐकू येतात. फोर्ट हायस्कूलच्या भोंग्यातून हा फरक कधीच पोचला नव्हता. आयशरच्या ध्वनिमुद्रणांवर फार शांत, फार थंड असल्याचा आरोप होतो. गिटारवाल्यांच्या बाबतीत मीही तो करीन. मडक्याच्या बाबतीत नाही.

दोन ध्वनिमुद्रणांच्या मधे बसल्या बसल्या मांडीवर मिश्र चापू धरून पाहा, तीन आणि चार, तीन आणि चार. जमलंसं वाटतं. मग लाल दिवा लागतो, स्टुडिओत पाय आपटायला मनाई आहे, आणि तुमचा अंगठा बुटाच्या आत सहाव्या मात्रेवरच सम गाठून मोकळा झालेला असतो.