विजेच्या टपालाचे पोस्टमास्तर

दिवाळीत पोस्टमनच्या हातावर पोस्त ठेवावी, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. पत्र आणणारा माणूस डोळ्यांना दिसत असे, म्हणून त्याची आठवणही राहत असे. आता शुभेच्छा ई-मेलने येतात आणि त्या आणणाऱ्याला पोस्त द्यावी म्हटले तरी तो दिसत नाही. पण म्हणून तो नाहीच असे मात्र नव्हे. पत्रे निवडणारी, चुकलेल्या पत्त्यांचा छडा लावणारी माणसे या विजेच्या टपालातही होती आणि आहेत. कचेऱ्यांच्या मागच्या खोल्यांत बसून त्यांनी जे काम केले, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. शिवाय ती थोडी विचारात पाडणारीही आहे.

आरंभ अगदी घरगुती झाला. १९६५ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरावयाचा, अशी व्यवस्था होती. टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यात एकमेकांसाठी निरोप ठेवण्याची सोय केली. हे म्हणजे वाड्यातल्या वाड्यात शेजारच्या बिऱ्हाडी चिठ्ठी सरकवण्यासारखे झाले. ती चिठ्ठी वाड्याबाहेर नेली रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर उभारलेल्या अर्पानेट या जाळ्यातील दोन संगणकांमध्ये त्यांनी निरोप धाडला. गंमत अशी की, ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे होते! माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्यांनी @ हे चिन्ह घातले, आणि ते चिन्ह आज जगभरच्या पत्त्यांत जाऊन बसले आहे.

पण पत्र लिहिणे सोपे, ते पोहोचवणे अवघड. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात अर्पानेटची जोडणी एका विभागापुरतीच होती. यंत्रात जागा थोडी आणि जागा मागणारे फार. तेथे काम करणारे एरिक ऑलमन यांच्या ध्यानात आले की, या मंडळींना ते यंत्र नको आहे, हवे आहे ते त्यावर येणारे टपाल. तेव्हा टपालच त्यांच्या त्यांच्या यंत्रावर पोहोचते केले म्हणजे झाले. या विचारातून १९७९ साली ‘डिलिव्हरमेल’ हा प्रोग्राम जन्माला आला.

खरी पंचाईत होती ती पत्त्यांची. ज्यांना अर्पानेटचे भाग्य लाभले नव्हते, ते लोक टेलिफोनवर भागवीत. रात्री दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन करी, साठलेली पत्रे त्याच्या पदरात टाकी, तो ती तिसऱ्याकडे सोपवी. येथे नुसता मुक्काम लिहून भागत नसे, सारी वाट लिहावी लागे. आपल्याकडे कोणी पाकिटावर ‘मुंबईहून बोटीने रत्नागिरी, तेथून मोटारीने राजापूर, पुढे गड्याबरोबर’ असे लिहावे, तसाच हा प्रकार. ठाण्याठाण्यांमध्ये उद्गारचिन्ह घालीत. आता एकाच पत्त्यात उद्गारचिन्हही आले आणि @ ही आले, तर पत्र आधी डावीकडच्या ठाण्यावर न्यावे की उजवीकडच्या? दोन्ही वाचने बरोबर, आणि चुकीचे निवडले तर पत्र भलत्याच गावी.

डिलिव्हरमेलमध्ये हे नियम प्रोग्रामच्या पोटातच शिवून टाकलेले होते. एखादी वाट बदलली की सारा प्रोग्राम पुन्हा बांधावा लागे. म्हणून ऑलमन यांनी त्याचा पुढचा अवतार रचताना नियम बाहेर काढून एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. हा अवतार म्हणजे ‘सेंडमेल’. १९८३ साली तो बर्कलीच्या युनिक्सबरोबर गावोगावी गेला आणि पुढे कित्येक वर्षे जगातील टपालाचा मोठा भाग त्याच्याच हातून गेला.

सोय झाली खरी, पण त्या फाइलने कचेऱ्यांतील व्यवस्थापकांची झोप उडवली. तिच्यात डॉलरची चिन्हे, तारका आणि एकेका अक्षराचे संकेत यांची अशी काही गर्दी असे की, पाहणाऱ्याला वाटावे मांजर टंकलेखनयंत्रावरून चालत गेले असावे. नियमाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंमध्ये टॅबच हवा. तेथे साध्या मोकळ्या जागा पडल्या तर नियम बिघडे, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसत! १९९३ साली या विषयावर ग्रंथ निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर वटवाघळाचे चित्र होते. पुढच्या आवृत्तीची पाने हजारावर गेली. एका फाइलीवर हजार पानांचे भाष्य!

या व्यवसायात एक गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. नॉर्थ कॅरोलायनातील एका विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तक्रार केली की, आमची ई-मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. व्यवस्थापक मनातून हसला, पण पाहतो तो खरेच जवळच्या गावांना पत्रे जात होती, दूरची अडत होती. शोध घेता कळले की, कोणीतरी यंत्राची दुरुस्ती करताना सेंडमेलची जुनी आवृत्ती बसवून ठेवली होती आणि नियमांची फाइल मात्र नवीच राहिली होती. जुन्याला नव्याची भाषा कळेना, म्हणून पलीकडच्या उत्तराची वाट किती वेळ पाहावी याचा आकडा शून्य झाला. व्यवहारात हे शून्य म्हणजे सेकंदाचे सुमारे तीन सहस्रांश भरत, आणि तेवढ्यात प्रकाश जातो ५५८ मैल! तपशील थोडे घासूनपुसून घेतले आहेत, हे सांगणाऱ्याने स्वतःच कबूल केले आहे. पण मर्म खरे आहे. तक्रार कितीही वेडगळ वाटो, ती ऐकून घेणारा माणूस तेथे होता, म्हणून तिचा उलगडा झाला.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता विश्वास. कोणाचेही पत्र कोणत्याही सर्व्हरवर आले तरी तो ते पुढे धाडी. वाटसरूला पाणी पाजावे तसा हा रिवाज. या सौजन्याची कसोटी लवकरच लागली. मे १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना आपल्या मालाची जाहिरात एकदम धाडून सगळ्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम जाळ्यात सुटला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. तो शिरला त्या वाटांपैकी एक होती सेंडमेलची, दुरुस्तीच्या सोयीसाठी उघडी ठेवलेली खिडकी. त्यानंतर कड्याकुलपांचे युग आले. १९९८च्या सेंडमेलने तर परक्याचे पत्र पुढे धाडणे आपणहून बंद केले. पाणपोई मिटली. दोष तिचा नव्हता, पण तिच्यावर येणारे सगळेच काही तहानलेले नव्हते.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने भारतात अर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली त्याचे मोठे काम झाले. पवईची आयआयटी आणि जुहू यांच्यात टेलिफोनवरून टपाल खेळू लागले, आणि १९८९ साली जुहूहून अमेरिकेपर्यंत थेट तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे फार तर बाराशे अक्षरे. एवढ्याशा खिडकीतून देशातल्या कितीतरी संशोधकांची पत्रे परदेशी जाऊ लागली.

मात्र ती पत्रे मराठीत लिहिता येत नसत. हे टपाल रोमन अक्षरांपुरते बेतलेले होते. त्याला सात बिट म्हणजे १२८ खुणा पुरत, आणि आठवा बिट वाटेतले सर्व्हर खुशाल छाटून टाकीत. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली ‘माइम’ नावाची पद्धत काढली. तिच्यामुळे इतर लिप्या, चित्रे, ध्वनी यांना रोमन वेष चढवून सुखरूप पार नेता येऊ लागले. आज आपली देवनागरी शुभेच्छा पोहोचते, ती याच पुलावरून.

आता कचेरीतील ते गुणगुणणारे यंत्र बहुतेक ठिकाणी गेले आहे. टपालाचा कारभार मूठभर बड्या कंपन्यांच्या हाती आहे. लाभ उघड आहेत: कचरा आधीच गाळला जातो आणि मध्यरात्री कोणाला झोपेतून उठावे लागत नाही. परंतु पत्र हरवले तर विचारावे कोणाला? १९८२ साली ई-मेलचे नियम लिहिले गेले, तेव्हा त्यांत एक कलम असे घातले होते की, प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ या नावाची एक पेटी असलीच पाहिजे. कोठल्याही अनोळखी माणसाने आपले गाऱ्हाणे तेथे घालावे. हे कलम आजही नियमांत आहे. ज्यांनी ते लिहिले, त्यांना यंत्रावर भरवसा होता, पण त्याच्या पाठीमागे ऐकणारे कोणीतरी हवे, हेही ते जाणून होते. ती पेटी आज कोण उघडते, हे आपापल्या कचेरीत प्रत्येकाने एकदा विचारून पाहावे.