पुडीवरचे नाव पॉइनसेट

हिंगोली जिल्ह्यात शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या जोडीला काकडी दिसते, आणि हळद-सोयाबीनच्या या मुलखात तिला सगळे परदेशी समजतात. बियाणे संकरित आणि महाग, फळात बी नाही, मधमाशीचीही गरज नाही, मग ती आपली कशी? माझे म्हणणे असे की काकडीचा जो गुण शेतकऱ्याची फवारणी वाचवतो, तो केवडा या रोगाला तोंड देण्याचा गुण, आपल्याच मातीतून परदेशी गेला आणि दुसऱ्याचे नाव लावून घरी आला. त्याचा माग मला बियाण्याच्या पुडीवरच्या एका नावात सापडला: पॉइनसेट.

काकडीचे मूळ भारतात, हे आता सर्वमान्य आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण अजून वाढते, छोटी आणि कडूजहर. २०१३ साली जगभरच्या ११५ वाणांची जनुके तपासली गेली, तेव्हा सर्वाधिक विविधता भारतीय गटातच निघाली. रोमचा सम्राट टायबेरियस पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली वर्षभर काकडी पिकवून खात असे, ही गोष्ट हरितगृहाचा आरंभ म्हणून नेहमी सांगतात. पण पॅरिस आणि जॅनिक या अभ्यासकांनी २००८ साली दाखवले की ते फळ काकडी नसून खरबुजाच्या जातीतले लांबट फळ होते. म्हणजे ते आपल्या वाळकाचे भाऊबंद. मला त्यांचे म्हणणे पटते.

आता पॉइनसेट. मराठीतल्या काकडी लागवडीच्या माहितीत पुना खिरा, हिमांगी, फुले शुभांगी यांच्या रांगेत हे नाव हमखास असते. हा वाण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधील क्लेमसन विद्यापीठाने १९६६ साली दिला. त्याच राज्याचे जोएल पॉइनसेट मेक्सिकोत अमेरिकेचे वकील होते, आणि नाताळात दिसणाऱ्या लाल पॉइनसेटिया फुलाला त्यांचेच नाव आहे. काकडीचे नावही तिथूनच आले असणार.

त्या दमट किनारी राज्यात केवड्याने काकडीचे पीक बसत होते. हा रोग ओळखायचा तर दव असताना सकाळी पान उलटावे. वरच्या बाजूला शिरांनी आखून दिल्यासारखे कोनाकोनांचे पिवळे ठिपके असतात, आणि बरोबर त्यांच्याच खाली राखाडी-जांभळट बुरशी. चार दिवस ढगाळ गेले की पाने करपतात आणि फळे उघडी पडतात. क्लेमसनने १९४८ साली पाल्मेटो नावाचा प्रतिकारक वाण काढला होता, पण थोड्याच वर्षांत रोगाने त्यालाही गाठले. मग क्लेमसनच्याच डब्ल्यू. सी. बार्न्स यांनी अमेरिकी बियाणे-संग्रहातले पीआय १९७०८७ या नोंदीचे बी हाताशी धरले. ते बी भारतातून गेलेले होते. पॉइनसेटचा प्रतिकार त्यातूनच आला, आणि तो अमेरिकेतल्या वाणांमध्ये २००४ पर्यंत टिकला. त्या वर्षी रोगाची नवी जात आली आणि शास्त्रज्ञांनी पुन्हा बियाण्याच्या पेढ्या धुंडाळल्या. नव्या जातीला नेटाने तोंड देणाऱ्यांत जे बी वर आले, त्याची नोंद पीआय १९७०८८. लगतचाच क्रमांक, आणि तेही भारतातलेच!

भारतीय काकडीत हे बळ आले कुठून? एक मत असे की रानटी बहिणीशी बांधावर संकर होऊन आले. दोघींचा संकर सहज होतो, तेव्हा हे मत अगदीच टाकाऊ नाही. पण रानातला गुण शेतात टिकायला कोणीतरी तो निवडावा लागतो. मी श्रेय देतो पावसाळी काकडीला आणि तिचे बी धरणाऱ्या बायांना. ज्वारी-कापसात टोबलेला जो वेल श्रावण-भाद्रपदातही हिरवा राहिला, त्याचेच फळ पिवळे-तांबूस होईपर्यंत राखायचे, बी गरासकट आंबवून धुवायचे, राखेत चोळून वाळवायचे. पिढ्यान्‌पिढ्या पावसाने परीक्षा घेतली आणि बायांनी निकाल जपून ठेवला.

कोणी म्हणेल, शेडनेटच्या काकडीचा पॉइनसेटशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे. तिची पातळ साल आणि आखूड फळ इस्रायलमधल्या बेट अल्फा या वसाहतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाचे. प्रत्येक पेऱ्यावर मादी फूल येण्याचा गुण कोरियातून मिळालेल्या शोगोइन या वाणातून आला, आणि मिशिगनमध्ये १९६० साली त्यापासून पहिले ‘मादी’ वाण पैदास करणाऱ्यांच्या हाती पडले. बीविरहित फळ युरोपच्या काचगृहांनी वाढवले. खासगी कंपन्या वंशावळ उघड करत नाहीत, पण केवड्याला तोंड देणाऱ्या संकरितांत भारतीय अंश असणार, असा माझा ठाम अंदाज आहे. उघड्या शेतातल्या काकडीबाबत तर अंदाजाचीही गरज नाही: राहुरी विद्यापीठाची हिमांगी पॉइनसेट आणि कल्याणपूर अगेती यांच्या संकरातूनच निवडली आहे.

या कुळकथेतून वाण निवडण्याचा धडाही मिळतो. नेट-पॉलिहाऊसमध्ये परागाशिवाय फळ धरणारेच वाण लावावेत. त्यात दिल्लीच्या पुसा संस्थेची पार्थेनोकार्पिक काकडी-६ हा सरकारी पर्यायही आहे. अशा वेलाशेजारी नर फुलांची काकडी नको, कारण मधमाशीने पराग आणला की फळात बी धरते आणि ते टोकाशी फुगते. हिमांगी किंवा पुना खिरा उघड्या शेतात, मधमाश्यांच्या संगतीत लावावी. आणि वाण कोणताही असो, विकत घेताना भुरी रोगाइतकीच केवड्याची चौकशी करावी.

औंढा, सेनगावकडच्या एखाद्या घरी आजीच्या गाठोड्यात पावसाळी काकडीचे जुने बी असेल, तर ते तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा, किंवा अकोल्याच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्राकडे द्या. एकदा आपल्या बियाण्याला अमेरिकेत क्रमांक मिळाला. पुढच्या बियाण्याची नोंद इथेच, त्या आजीच्या गावाच्या नावाने व्हावी.