क्रिस्तपुराण, रोम आणि डार्विन

मंडळी, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत! बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती त्यात ओवीतून येते. सप्ताहाला बसणाऱ्या भडगावकरांना ती चाल परकी वाटणार नाही. गंमत बघा, त्याच वर्षी रोमने कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी घातली.

डार्विनचा ‘ओरिजिन’ मात्र त्या बंदी-यादीत कधीच गेला नाही. पण मान्यताही सुखासुखी मिळाली नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस म्हणाले, शरीराच्या उत्क्रांतीवर खुशाल चर्चा करा. आत्मा मात्र थेट देवाकडून, आणि सगळी माणसं एकाच आदामाची लेकरं. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले, उत्क्रांती आता नुसतं गृहीतक उरलेलं नाही.

लोक सहा दिवसांवर अडतात. अहो, ते दिवस आपल्या दिवसांसारखे नव्हेत, हे संत ऑगस्टीन पाचव्या शतकातच सांगून गेले! खरी अडचण आदामाची आहे. जनुकशास्त्र एका जोडप्याकडे नाही, हजारोंच्या समूहाकडे बोट दाखवतं. आणि मूळ पापाची शिकवण तर त्या जोडप्यावर उभी. कॅथलिक धर्मपंडितांचा यावरचा वाद अजून मिटलेला नाही.