सिक्सर मागणारी माणसं

२ एप्रिल २०२३ ला सलीम दुराणी गेले. पहिला फोन बाबांचा. पब्लिकने ओरडायचं आणि दुराणींनी सिक्सर मारायची, हे त्यांनी ब्रेबॉर्नवर पाहिलेलं! १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कानपूर कसोटीतून त्यांना वगळलं, तर 'नो दुराणी, नो टेस्ट'चे फलक लागले. मुंबईत परतल्यावर त्यांनी ७३ धावा काढल्या.

त्याच मैदानात १९६० मध्ये एका मुलीने धावत जाऊन अब्बास अली बेगचा मुका घेतला होता. (आई हे अजूनही हळू आवाजात सांगते.)

१९९३ मध्ये हॅम्बुर्गला स्टेफी ग्राफच्या चाहत्याने मोनिका सेलेसच्या पाठीत सुरी खुपसली. त्यानंतरचे सुरक्षारक्षक मला समजतात.

मला एका खेळाडूबरोबर सेल्फी मिळालाय. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांकडे दुराणींची साधी सहीही नाही. "पण मी मागितली ना सिक्सर!" म्हणतात.