परफॉर्मन्स कारचं आयडलिंग वर-खाली का होतं? वरंधा घाटाआधी एवढं तपासा

ॲक्सलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरतं, ते आयडलिंग. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण ७०० ते ९०० आरपीएम असतो. सिग्नलला उभं असताना काटा सतत हेलकावत असेल, तर कुठेतरी हवा, इंधन आणि ठिणगीचा मेळ बिघडलेला आहे.

भोर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. महाडपेक्षा इथे हवेचा दाब अंदाजे ७ टक्के कमी. पण हा फरक गाडीचा ईसीयू स्वतःच सांभाळतो, त्यामुळे उंचीला दोष देऊ नका. वेल्ह्याकडच्या पावसात मात्र इग्निशन कॉइलची जुनी चीर उघडी पडते. मग एखादा सिलिंडर अधूनमधून पेटत नाही आणि स्कॅनरवर पी०३०० ते पी०३०४ असे कोड दिसतात.

बहुतेक जण लगेच प्लग आणि सेन्सर बदलायला घेतात. हा खर्च अनेकदा फुकट जातो. आधी साधा ओबीडी स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ बघा. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते त्यात कळतं. आयडलला ट्रिम अधिक १५-२० टक्के आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी बाहेरची हवा शिरते आहे. रेस वाढवूनही आकडा चढाच राहिला, तर संशय पेट्रोल पंपावर किंवा एअरफ्लो सेन्सरवर घ्यावा. तेल लावायचा एअर फिल्टर बसवला असेल, तर त्याचं जादा तेल याच सेन्सरवर बसतं.

गळती शोधायला गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. गरम इंजिनवर क्लीनरचे फवारे मारून गळती शोधणं म्हणजे आगीला आमंत्रण.

हे टाळू नये, कारण अनेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टरही इंजिनच्याच व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा पाइप फाटला तर आयडलिंग बिघडतंच, पण ब्रेकही दगडासारखा कडक होतो. वरंध्याच्या उतारावर हे कळण्यापेक्षा भोरमध्येच तपासा : इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर घाट उतरू नका.