वर्गाबाहेरचा वर्ग

कॉलेजातील मुलांनी वर्गात बोलावे की नुसते ऐकावे, हा वाद हल्लीच निघाला अशी पुष्कळांची समजूत आहे. एकाने निबंध वाचावा, दुसऱ्याने तो खोडावा, चौघांनी मिळून एखाद्या प्रश्नाचा छडा लावावा, या रीती परदेशातून नुकत्याच आल्या असे आपण मानतो. आपल्या कॉलेजांचा आरंभकाळ पाहिला तर चित्र निराळे दिसते.

१८२६ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात हेन्री डेरोझिओ शिक्षक म्हणून आला, तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. वर्गात तो वाङ्मय आणि इतिहास शिकवी. पण त्याचे खरे शिकवणे घंटा झाल्यावर सुरू होई. १८२८ च्या सुमारास निघालेल्या त्याच्या चर्चासभेत मुले ईश्वराच्या अस्तित्वापासून मूर्तिपूजेपर्यंत कशावरही वाद घालीत. पालक हादरले. हा मास्तर नास्तिक्य शिकवतो, अशी ओरड झाली. संस्कृत पंडित विल्सन यांनी याबाबत विचारले, तेव्हा डेरोझिओने दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. ह्यूमचे संशय मी मुलांपुढे ठेवले हे खरे, पण त्यांना रीड व स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही ठेवली, असा त्याचा आशय होता. दोन्ही बाजू दाखवणे हाच त्याचा गुन्हा! एप्रिल १८३१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच डिसेंबरात पटकीने तो गेला.

मुंबईत गोष्टी जरा सबुरीने घडल्या. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आपली वाङ्मय व शास्त्र सभा काढली. प्रा. पॅटन पाठीशी होते, दादाभाई नौरोजी अग्रभागी होते. लोकांना आपल्या भाषेत ज्ञान मिळावे म्हणून तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठीचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकही सुरू झाले.

पण आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती १८४९ ची हकीकत. बेहरामजी गांधी या विद्यार्थ्याने सभेत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. टाळ्या वाजवून मंडळी घरी गेली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पॅटन यांनी मात्र कृतीचे आव्हान केले आणि या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. सकाळी तेथे विनावेतन शिकवायचे, मग स्वतःच्या कामाला लागायचे. आदल्या दिवशी शिकलेले दुसऱ्या दिवशी शिकवावे लागले की ते किती पक्के होते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. घरोघरच्या विरोधाला तोंड देत हा धडा चालला, हे विसरू नये.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडनच्या धर्तीवर. सुरुवातीला ते शिकवीत नसे, परीक्षा घेई. परीक्षा ज्याची त्याने एकट्याने द्यायची; शेजाऱ्याला मदत करणे ही तेथे लबाडी! मग टिपणे उतरवून घेणारा विद्यार्थी शहाणा ठरला यात नवल काय? विद्यार्थ्यांची सभा बंद पडली नाही. तिची मुलींची शाळा गिरगावात विसाव्या शतकातही चालू होती. मात्र पदवीच्या हिशेबात त्या कामाला एकही गुण नव्हता.