तरट, ओसरी आणि अंगण

मूल शाळेत रुळावे कसे, या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बालमानसशास्त्राची पुस्तके आहेत, दर जूनमध्ये येणारे लेख आहेत. या सर्व लेखनात एकच मूल वावरते. ते आईचा पदर सोडत नाही, पहिले आठ दिवस रडते, मग बाईंचा लळा लागून रमते. हे मूल खोटे नाही. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीचा वर्ग सांभाळताना अशी कितीतरी मुले मी कडेवर घेतली. परंतु आमच्या वस्त्यांतल्या मुलांच्या रडण्याला आणखी एक कारण होते आणि त्या कारणाला दीडशे वर्षांहून मोठा लेखी इतिहास आहे. मूल शाळेला घाबरते हे सर्वांना ठाऊक असते. शाळाच मुलाला घाबरत होती, ही गोष्ट मात्र बालशिक्षणाच्या पुस्तकांत येत नाही.

या इतिहासाचा एक ठळक कागद धारवाडचा आहे. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीने सरकारकडे अर्ज गेला, की तेथील सरकारी शाळेत त्याला प्रवेश मिळावा. सरकारने २१ जुलै १८५६ च्या ठरावात जे म्हटले ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी शाळेचे दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील, म्हणून त्याला आत घेता येत नाही, असेही सांगितले. न्याय मान्य, मूल अमान्य! पुढे १८५८ मध्ये विलायतेहून खुलासा आला, की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व मान्य केले आणि त्याच दमात वेगळ्या शाळांची वाट दाखवली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन ठेवले, त्यात धारवाडचे हे प्रकरण त्यांनी मुद्दाम मांडले. सत्तर वर्षांपूर्वीचा एक अर्ज त्यांना का आठवावा? कारण कागदावर दार उघडले होते आणि मूल ओसरीवरच बसलेले होते.

ओसरीवर बसणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात कोपऱ्यात एकटे बसायचे. बसायला तरट. ते तरट शाळा झाडणारा गडी शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. पाण्याची गोष्ट आपण भाषणांत नेहमी सांगतो. मला शिक्षक म्हणून तरटाची गोष्ट अधिक छळते. इतर मुलांच्या बाबतीत घर आणि शाळा यांच्यात उंबरठा असतो. मूल तो ओलांडते, रडते आणि संध्याकाळी आईच्या कुशीत शाळा विसरते. या मुलाला शाळेने दिलेला विटाळ रोज संध्याकाळी काखोटीला मारून घरी आणायचा होता. शाळा विसरायची कोठे? आणि याच शाळेत आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्यांना दिली, हेही बाबासाहेबांनी पुढे कृतज्ञतेने सांगितले. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या साताऱ्यातील शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात. एखाद्या शाळेने त्या दिवशी एक तरट आणून मुलांपुढे ठेवावे असे मला फार वाटते.

मुलाला रुळवण्याचे शास्त्र आमच्याकडे परदेशातून आले, असा एक समज आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन काढून पाहा. खेड्यांत महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती शाळेबाहेर राहतात, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी आहे. आणि प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा, कारण ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असेही आहे. मुलाने शिक्षकात मिसळावे असे जोतीराव म्हणत नाहीत. मिसळण्याचे काम ते शिक्षकावर टाकतात. याचा पुरावा त्यांच्याच शाळेत तयार झाला होता. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. तेव्हा ती विद्यार्थिनीच होती. शाळेत रुळलेल्या मुलीने काय केले? तिने पेशवाईचा हिशेब मागितला.

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्याच वस्तीतली, आपल्याच लोकांची शाळा असेल तर मूल लवकर रुळते. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनने १९०६ मध्ये परळला शाळा काढली, पुढे ठिकठिकाणी शाळा व वसतिगृहे निघाली. त्यांतून पहिली पिढी शिकली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यांनी सोपी वाट सोडून अवघड वाट धरली. १९२३ मध्ये बोले ठराव आला. त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. सर्वांच्या शाळेत आमचे मूल जास्त रडले असेल. तरीही शाहू महाराजांचा निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे, कारण वेगळ्या शाळेत आमचे मूल रुळत होते, सवर्णाचे मूल मात्र आमच्या मुलाशेजारी बसायला कधीच शिकत नव्हते.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात हाच प्रश्न बोर्डीला पुन्हा उभा राहिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. गावात बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुले येईनात. यात नवल काय होते? आई मजुरीला गेलेली, थोरलीच्या कडेवर धाकटे, अंगावर धड कपडा नाही आणि गावाच्या त्या भागात विनाकारण जायचे नाही हे मुलाला चालायला लागल्यापासून माहीत. तेव्हा बाईच वस्तीत गेल्या. मुले जेथे खेळत होती त्या अंगणातच बालवाडी भरू लागली. आज देशभर लाखो ठिकाणी ज्या अंगणवाड्या चालतात, त्यांच्या नावातले अंगण ते हे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि हा शब्द सरकारी झाला. तो शब्द दलित वस्तीतल्या मुलांच्या न येण्यातून जन्मला, हे किती अंगणवाडी सेविकांना सांगितले जाते?

अंगणातल्या त्या बालवाडीत मुलाला रुळावे लागले नाही, बाईंना रुळावे लागले. फुल्यांनी मागितले होते ते हेच. मात्र माझ्या मनात एक शंका राहतेच. त्या अंगणात गावातले, वरच्या आळीचे मूल येऊन बसले असेल काय? आजही ज्या गावांत वस्तीला एक आणि गावाला एक अशा दोन अंगणवाड्या आहेत, तेथे ही शंका इतिहासाची राहत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या गावात (नाव सांगण्यात अर्थ नाही) माठाजवळ एक पितळी पेला वेगळा ठेवलेला असे. कोणी काही बोलत नसे. मुलांना बरोबर कळे. मी तो पेला काढून एकच ओगराळे ठेवले. चार दिवस वरच्या आळीची मुले घरून बाटल्या घेऊन आली, पाचव्या दिवशी बाटल्या विसरली. मुले विसरतात, पालक विसरत नाहीत, हे तेथे शिकलो. पुढे काही गोष्टी नेमाने केल्या. बसण्याच्या रांगा रोज बदलायच्या. पहिले आठ दिवस ज्या आईला सवड असेल तिला वर्गात बसू द्यायचे, मग ती कोणत्याही आळीची असो. 'हिकडं', 'म्या' म्हणणाऱ्या मुलाला हसू द्यायचे नाही. आणि हजेरीपटाआधी जो मोठा दाखलरजिस्टर असतो, त्यातला जातीचा रकाना मुलादेखत भरायचा नाही. शिष्यवृत्तीसाठी तो भरावा लागतो, हे खरे. पण सहा वर्षांच्या मुलाला शाळेने विचारलेला पहिला प्रश्न तो असता कामा नये. १९५६ नंतर कित्येक बापांनी त्या रकान्यात 'बौद्ध' लिहा म्हणून मास्तरांशी भांडण केले; बौद्धांना केंद्राच्या सवलती मात्र १९९० मध्ये मिळाल्या. मधल्या काळात त्या एका शब्दासाठी घरांनी काय सोसले, त्याचा स्वतंत्र इतिहास लिहायला हवा.

आता शिक्षणहक्क कायदा आहे. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. न्याय तुमच्या बाजूने आहे पण शाळेची अडचण होते, हा युक्तिवाद १८५६ चाच.

निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या पालकांचे हे अर्ज भरून देतो. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका बाईच्या मुलीचा नंबर लागला. फी माफ होती, गणवेशाचे जमले. ती माझ्याकडे आली ती दुसऱ्याच काळजीने.

"गुरुजी, पोरीला डब्यात काय द्यावं?"

"घरी असेल ते द्या."

ती थोडी थांबली. "बोंबील बी?"

तिच्या हातात शाळेने दिलेला सूचनांचा कागद होता. त्यातली डब्याविषयीची ओळ मी तिला वाचून दाखवली आणि मग आम्ही दोघे मिळून मुख्याध्यापिकांना द्यायचा अर्ज लिहायला बसलो.